निळ्या दोऱ्याचे दोन टाके

लाँड्रीवाल्या मावशींच्या हातून आयुष्यात एकच कपडा हरवला, आणि तो त्या सव्वीस वर्षांत विसरल्या नाहीत. पांढरा कोट होता, एका नवरदेवाचा. दुसऱ्याच कुणाच्या गठ्ठ्यात गेला तो गेलाच. बिचारा लग्नात भावाचा कोट घालून उभा राहिला, बाह्या बोटांपर्यंत आलेल्या. तो मावशींना एका शब्दानं बोलला नाही, आणि तेच त्यांना लागलं. त्या दिवसापासून दुकानात आलेला कपडा, मग तो हातरुमाल का असेना, खूण केल्याशिवाय पाण्यात जात नाही. कॉलरच्या आत किंवा कमरेच्या पट्टीत दोऱ्याचे बारीक टाके. प्रत्येक घराचा रंग वेगळा, टाके वेगळे. डॉक्टरांचे हिरवे तीन, हेडमास्तरांचा काळा एक, कोपऱ्यावरच्या वकिलांचे लाल चार. दीडशे घरांच्या खुणा मावशींना तोंडपाठ. वकिलांच्या मुलांची नावं त्या सर्रास चुकवत, पण लाल चार म्हणजे लाल चार.

फक्त घरच्या कपड्यांना खूण नसे. ते न्यायला येणार कोण?

अशा या मावशींनी पन्नाशी उलटल्यावर परदेशातली एक मुलगी घरी ठेवून घ्यायचं ठरवलं, तेव्हा सगळी गल्ली म्हणाली, हिला काय ही नसती उठाठेव सुचली. खरं कारण फक्त नवऱ्याला ठाऊक होतं. सतराव्या वर्षी मावशींचं नाव शाळेच्या देवाणघेवाण योजनेत निघालं होतं. वर्षभर परक्या देशात, परक्या घरात राहून शिकायचं. बॅगसुद्धा भरून झाली होती. ऐन वेळी आईनं अंथरूण धरलं, दुकानात माणूस हवं झालं, आणि ती बॅग मावशींनी स्वतःच्या हातांनी रिकामी केली. रडल्या नाहीत, कुणाला दोष दिला नाही. पण पुढे कितीतरी वर्षं, इस्त्रीच्या टेबलाशी उभं राहून, त्या मनातल्या मनात त्या न पाहिलेल्या घराचा जिना चढत. तिथल्या बाईनं दार उघडून काय म्हटलं असतं, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं.

म्हणून त्या वर्षी शाळेनं पालकांना आणि शेजाऱ्यांना बोलावून विचारलं, दहा महिने एका मुलीला कोण सांभाळेल, तेव्हा पहिला हात मावशींचा वर गेला. मूलबाळ नव्हतं, वरची खोली रिकामी होती. नवरा शेजारीच बसला होता. त्यानं एकदा बायकोच्या तोंडाकडे पाहिलं आणि आपलाही हात वर केला.

मुलगी आली. सोळा वर्षांची, उंच, खांदे पाडून चालणारी. तिचं नाव कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून गल्लीनं तिचं परस्पर 'पाहुणी' करून टाकलं. मावशी दारात उभ्या होत्या. पस्तीस वर्षं हा प्रसंग मनात घोळवलेला, किती गोड गोड बोलायचं ठरवलेलं, आणि तोंडातून निघालं काय, तर "पाय पुसून ये." नवरा त्यावरून आठवडाभर हसत होता.

ती कसर मावशींनी सरबराईत भरून काढली. पोरीला इकडची काडी तिकडे करू दिली नाही. जेवायला आधी ती, मग हे दोघं. तिनं कप विसळायला घेतला की मावशी तो हातातून काढून घेत. ती दुकानात उतरली की "तू कशाला गं वाफेत येतेस" म्हणून पुन्हा वर पाठवत. आणि कपड्यांची तर गोष्टच सोडा. पहिल्याच दिवशी मावशींनी तिची सगळी बॅग खाली आणली आणि एकूण एक कपड्याला निळ्या दोऱ्याचे दोन टाके घातले. मोज्यांनासुद्धा. लोकाची लेक, लोकाचे कपडे. एक मोजा हरवला तरी तिच्या आईला काय तोंड दाखवायचं?

सहा आठवडे असेच गेले. मग एका शुक्रवारी शाळेतल्या बाई दुकानात आल्या. या योजनेचं सगळं त्याच बघत. त्यांनी घसा साफ केला, गिऱ्हाईक जायची वाट पाहिली आणि हलकेच म्हणाल्या, "मावशी, वाईट वाटून घेऊ नका. सहाव्या आठवड्यात आम्ही मुलांना विचारतो, घर ठीक आहे ना. तिनं लिहिलंय, घर बदलून हवं."

मावशींनी हातातला शर्ट खाली ठेवला.

"का म्हणून?"

"कारण लिहिलं नाही. रडत होती, एवढंच. सोमवारी तिला परत विचारते. तेव्हाही तेच म्हणाली, तर दुसरीकडे सोय करावी लागेल."

आयुष्यात त्यांनी स्वतःसाठी असं एकच मागून घेतलं होतं, आणि तेही सहा आठवड्यांत हातचं चाललं होतं. त्यांनी सगळं आठवून पाहिलं. जेवण? गादी? वरच्या खोलीची खिडकी नीट लागत नाही, ती? शनिवारी त्यांनी खिडकीला सुतार आणला, पलंगावर नवी चादर घातली आणि पोरीच्या ताटात इतकं वाढलं की ती ताटाकडे बघतच बसली.

"अगं, तिला जरा मोकळी सोड," नवरा म्हणाला.

"मोकळी सोडू म्हणजे? परदेशातनं आलेली पोर आहे ती, मांजर नव्हे."

नवरा इस्त्रीकडे वळला.

रविवारी दुकान बंद असतं. दुपारी मावशी घरचे कपडे घडी करत होत्या, तेवढ्यात पाहुणी जिना उतरून आली. मावशी "वर बस गं" म्हणणार होत्या, पण तिच्या तोंडाकडे बघून त्यांनी हातातली घडी बाजूला ठेवली. तिनं काकांचा, म्हणजे मावशींच्या नवऱ्याचा, शर्ट उचलला, कॉलर उलटी करून पाहिली. मग मावशींचं पोलकं पाहिलं. मग स्वतःचा करडा स्वेटर घेतला आणि त्याची कॉलर मावशींसमोर धरली.

"काका, धागा नाही," ती म्हणाली. शब्द एकेक शोधून बोलत होती. "तुम्ही, धागा नाही. डॉक्टर, धागा. वकील, धागा. मी, धागा."

मावशींनी कॉलर हातात घेऊन टाके पाहिले.

"मी घरात नाही. मी गिऱ्हाईक," पाहुणी म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. "कप पण नाही धुवायचा."

मावशी स्टुलावर बसल्या. ज्या टाक्यांत त्यांनी सगळी काळजी ओतली होती, त्याच टाक्यांनी पोरीला दाराबाहेर उभं केलं होतं. त्यांनी तिचा हात धरून तिला शेजारी बसवलं आणि त्या नवरदेवाच्या कोटाची गोष्ट सांगितली. लांब बाह्या हातवारे करून दाखवल्या. पोरीला निम्मं कळलं, निम्मं नाही.

"खूण म्हणजे," मावशी सावकाश म्हणाल्या, "ज्याचा कपडा, तो न्यायला येणार. तोवर तो आम्ही जिवापाड जपायचा. तू आम्हाला जपायला दिलेली, म्हणून गं. पण चुकलंच माझं."

आणि त्यांनी पेटीतून बारीक कात्री काढली. स्वेटरच्या कॉलरमधले दोन टाके कापले, दोरा ओढून काढला. मग शाळेचा शर्ट घेतला. पाहुणी बघत राहिली, मग तिनं हात पुढे केला. या वेळी मावशींनी नको म्हटलं नाही, दुसरी कात्री तिच्या हातात दिली. दुपारभर दोघी टाके उसवत बसल्या. मोज्यांपाशी येईपर्यंत टेबलावर निळ्या दोऱ्यांचा पुंजका झाला होता. काकांनी डोकावून पाहिलं आणि म्हणाले, "बरं झालं, उद्यापासून माझे मोजे फाटले की तिचे घालतो." पोरगी रडता रडता हसली. ते मात्र तिला अख्खं कळलं होतं.

सोमवारी बाईंचा निरोप आला, राहतेय म्हणून. मावशींचा जीव भांड्यात पडला. त्या दिवशी त्यांनी हेडमास्तरांची पँट वकिलांच्या गठ्ठ्यात बांधली, आणि काकांनी ती वेळेवर काढली.

त्यानंतर पाहुणी घरातली झाली, म्हणजे घरातल्यांसारखी बोलणी खाऊ लागली. इस्त्री शिकताना तिनं काकांचा शर्ट पाठीवर जाळला, तेव्हा मावशींनी तिला चांगलं फैलावर घेतलं. पोर दिवसभर खुशीत होती. कपडे एकाच दोरीवर वाळत, एकाच कपाटात जात. कुणाचे मोजे कुणाच्या पायात हे विचारणं सगळ्यांनी सोडून दिलं. तिला आईचा फोन आला की ती या घराबद्दल इतकं बोले, की मावशींना कळत काही नसे, तरी त्या जिन्यात उभ्या राहून ऐकत.

दहा महिने कसे गेले कळलंच नाही. जायच्या दिवशी बॅग मावशींनीच भरली. एके काळी रिकामी केलेली बॅग त्यांना आठवली, आणि ही भरताना हात जड झाले. दारात पोरीनं मिठी मारली, तेव्हा मावशींना पुन्हा ऐन वेळी काही सुचलं नाही. "पाय पुसून जा," काका मागून म्हणाले, आणि तिघंही हसले आणि रडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं. तयार कपड्यांच्या दांडीवरून डॉक्टरांचा कोट काढताना मावशींच्या हाताला करडा स्वेटर लागला. धुतलेला, इस्त्री केलेला, हँगरला नीट अडकवलेला. पोर घाईत विसरली, असं त्यांना वाटलं. मग सवयीनं त्यांनी कॉलर उलटली.

आत निळ्या दोऱ्याचे दोन टाके होते. वाकडे, एक लांब, एक आखूड, पण घट्ट गाठ मारलेले.

मावशी तिथेच उभ्या राहून रडल्या. गिऱ्हाईक आलं, थांबलं, त्याची त्यांना फिकीर नव्हती. काका इस्त्री बाजूला ठेवून आले. त्यांनी कॉलर पाहिली, चष्मा काढून पुसला.

"घरच्या कपड्याला खूण कशाला?" ते म्हणाले.

"खूण असली की माणूस न्यायला येतं," मावशी म्हणाल्या.

"आपला नियम तीन महिन्यांचा आहे. मग देऊन टाकतो आपण न नेलेले कपडे."

"नियम गेला खड्ड्यात."

त्यांनी स्वेटर दांडीवरून काढला, झटकला आणि दाराजवळच्या पहिल्या खिळ्याला लावला, म्हणजे ती येईल तेव्हा शोधावा लागायचा नाही.