तापलेल्या डिस्कवरची ओत्तक्षरं

दयानंदला कशाची भीती वाटत नाही, हे शोधण्यात भाग्यलक्ष्मीने लग्नानंतरची बरीच वर्षं घालवली आणि शेवटी नाद सोडला. निपाणीहून बेंगळूरला आलेला हा तिचा नवरा लिफ्टमध्ये शिरण्याआधी आतल्या माणसांची वजनं डोळ्यांनी जोखतो. जयनगरच्या चौकात सिग्नल हिरवा झाला तरी त्याचा त्यावर चटकन विश्वास बसत नाही.

"अहो, जन्माला येतानासुद्धा बाहेर कोणकोण आहे ते विचारूनच आला असाल तुम्ही," ती म्हणते.

गंमत अशी की या घाबरटपणावरच त्याची नोकरी उभी आहे. लोकांचा डेटा जुन्या यंत्रांतून नव्या यंत्रांत हलवायचं काम तो करतो, आणि धाडसी माणसं या कामात फायली हरवतात. म्हणून तर घरमालकीण अहल्याअक्कांनी आपल्या जुन्या संगणकातली स्कझी डिस्क त्याच्याच हातात ठेवली. तेव्हापासून त्याला धड जेवण जाईना.

अक्कांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच. घरात मराठी, हातात कन्नड. एका छापखान्यासाठी त्यांनी तरुणपणी कन्नड अक्षरांचं एक वळण सबंध घडवलं होतं. त्या अक्षरांची मूळ चित्रं वाळवीने खाल्ली. त्याआधी कुणीतरी ती स्कॅन करून ठेवली होती, ती या एकाच डिस्कवर. आता कोरमंगलातली एक कंपनी ते वळण संगणकाचा फॉन्ट म्हणून बाजारात आणायला तयार होती. चित्रं मिळाली तरच.

दुरुस्तीच्या दुकानदाराने डिस्क कानाला लावली आणि मान हलवली. "एकदाच फिरेल. पंधरा मिनिटं चालली तर नशीब. तापली की गेली. आणि मध्ये बंद केलीत, तर परत फिरायची नाही."

दयानंदने हिशेब मांडला. डिस्क दोन हजार मेगाबाइटची. तिचा वेग सेकंदाला पाच. म्हणजे सात मिनिटांत काम फत्ते. जोडायला मित्राकडून एक जुनी यूएसबी केबल आणली, तिच्या खोक्यावर वेग लिहिला होता बारा. पाचाला बारा म्हणजे ऐसपैस रस्ता. त्याने हिशेब पुन्हा तपासला, भाग्यलक्ष्मीकडूनही तपासून घेतला, आणि रविवारी दुपारी अक्कांच्या टेबलावर बटण दाबलं.

डिस्क कण्हत फिरू लागली.

तीन मिनिटं झाली. जवळजवळ निम्मं यायला हवं होतं. पडद्यावर आकडा होता नऊ टक्के.

 दयानंदने केबलचं खोकं उचललं आणि चष्मा वर करून वाचलं. बारा होते ते मेगाबिट. डिस्कवरचे पाच होते मेगाबाइट. आठ बिट मिळून एक बाइट होतो, हे ज्याला झोपेतही पाठ, त्या माणसाने पाच डझनांपेक्षा बारा केळी जास्त धरली होती! बारा भागिले आठ, दीड. त्यातही केबल मधल्यामध्ये खाणार, म्हणजे हातात एक. सात मिनिटांचं काम अर्ध्या तासाच्या वर गेलं होतं.

त्याने डिस्कवर बोट ठेवलं आणि झटकन मागे घेतलं. आतून टक्‌ असा आवाज आला. थोड्या वेळाने पुन्हा टक्‌.

"काय रे दयानंदा, तोंड असं का केलंस?" अक्का आतून कॉफी घेऊन आल्या.

सांगायची भीती, न सांगायची त्याहून मोठी. "अक्का, सगळं यायचं नाही. माझा हिशेब चुकला. आत्ता येतायत ती नुसती जुनी चाचणीची पानं. ती थांबवतो, डिस्क फिरतीच ठेवतो. पण पुढं काय घेऊ ते तुम्ही सांगा. लवकर सांगा."

"काय काय आहे?"

"स्वर, व्यंजनं, ओत्तक्षरं, अंक."

कन्नडात जोडाक्षराचा दुसरा भाग पहिल्याच्या पायाशी छोटा होऊन बसतो, ते ओत्तक्षर. दयानंदला वाटलं, ही पिल्लं अक्का आधी सोडतील.

"ओत्तक्षरं घे," अक्का म्हणाल्या.

"अक्का, व्यंजनं मोठी आहेत, ती..."

"ओत्तक्षरं घे म्हटलं ना. मग स्वर."

त्याने घेतली. टकटक वाढत गेली. पट्टी इतकी हळू सरकत होती, की दयानंद श्वासही बेताने घेत होता. जणू त्याच्या श्वासानेच डिस्क तापेल. ओत्तक्षरं आली. स्वर आले. व्यंजनांना हात घातला आणि डिस्क आतून खरवडल्यासारखी किंचाळली. मग आवाजच बंद झाला.

अक्कांनी कप खाली ठेवला. "किती आली?"

"व्यंजनं? चार." त्याने पडद्यावर मोजली. "क, ख, ग, घ."

अक्कांनी कप जरासा बाजूला सारला. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

"ङ गेला का?" त्यांनी विचारलं.

"गेला."

"जाऊ दे. तो मला कधी जमलाच नाही." त्या पडद्याजवळ सरकल्या. "हे बघ. बहुतेक ओत्तू म्हणजे त्या अक्षराचंच डोकं काढलेलं पिल्लू. त्यावरून आई ओळखता येते. त, न, म, य, र, ल तेवढे तोंडावळा बदलून बसतात. ते आईवरून कधी सापडले नसते. म्हणून हे घे म्हटलं. आता उरलेली व्यंजनं यांच्यावरून उभी करायची, ही सहा तेवढी आठवणीने."

"कोण करणार, अक्का?"

"तू करणार आहेस का? मीच."

दयानंदची नजर त्यांच्या बोटांवर गेली. बोटं वयाने थरथरत होती. 

"ते बघू नको," अक्का म्हणाल्या. "स्वल्प जाड कागद आण. आणि पेन्सिल टोक करून आण. माझ्याच्याने टोक होत नाही."

तो जिना चढून वर गेला. दारातच भाग्यलक्ष्मी उभी होती. "झालं का?"

"डिस्क गेली," तो म्हणाला. "जाड कागद कुठं आहे? आणि तुझं ते शार्पनर दे. अक्का 'च' अक्षर काढायला बसल्यात."