परत नेलेलं कापड

चादर अर्धी पिळून झाली होती, तेवढ्यात पुलापलीकडची गवंड्याची बायको दारात आली. बसली नाही. म्हणाली, "ताई, माझं कापड तसंच द्या. शिवू नका."

सकाळपासूनची ही तिसरी. शिवणवाल्या ताईंनी कापड दिलं आणि चादर बादलीत सोडून दिली.

पाच वर्षांपूर्वी पुलावर बंदुका चालल्या, त्याच्या आधीही पलीकडची गिऱ्हाइकं अशीच न शिवलेली कापडं घेऊन गेली होती. ताईंना वाटलं, आपलाच हात बिघडला. चार दिवस त्या जुन्या शिवणी उसवून तपासत बसल्या. पाचव्या दिवशी पुलावरच्या गोळीबारात थोरला भाऊ गेला. आता धाकटा त्याच पुलावर पहाऱ्याला होता.

ओल्या हातांनीच त्या शांतता समितीच्या मास्तरांकडे गेल्या. मास्तर भला माणूस, पण घाई त्यांच्या गावी नाही. रविवारी सभा घेऊ, दोन वक्ते बोलावू, असं त्यांचं सुरू झालं. ताईंनी सगळं ऐकून घेतलं.

"मग रविवारी शोकसभाच ठेवा, मास्तर."

मास्तरांनी चष्मा पुसला आणि चपला पायात सरकवल्या.

गवंड्याच्या घरी ताईंनी उपदेश केला नाही, नुसतं विचारलं, काय ऐकलंत? तुमच्या गिरणीत बंदुका उतरल्यात, गवंडी म्हणाला. तुम्ही चालून यायच्या आधीच परवा आमची पोरं पूल धरणार. पुलाच्या अलीकडे, ताईंच्या बाजूला, लोक पलीकडच्या वीटभट्टीबद्दल हेच बोलत होते. ताईंची अट एकच: दोन्हीकडच्या दोन-दोन बायकांनी दोन्ही जागा बघायच्या, आणि आजच.

गिरणीत निघाले नव्या यंत्राचे दांडे. भट्टीवरच्या लांबट पेट्यांत धुराड्याचे जुने पाइप. गवंड्याची सासू आत डोकावून म्हणाली, "यातून गोळी सोडायची तर आधी काजळी काढा गं." चौघी हसल्या. ते हसू पुलाच्या दोन्ही टोकांना पोचलं, आणि परवाचा दिवस भाऊ पहाऱ्यावर जांभया देत बसला.

तेव्हापासून मास्तर दर सोमवारी ताईंच्या दारात येतात आणि कुणी कापड परत नेलं का, एवढंच विचारतात. भाषण ताईंना कधी जमलं नाही. देवानं त्यांना नजर दिली, आणि ती त्यांनी सुईच्या नाकापुरती ठेवली नाही.

त्या आठवड्यातच गवंड्याची बायको कापड घेऊन आली, या खेपेला बसलीही. रंगाला जुळणारा दोरा मात्र संपला होता. ताईंनी हातातलं धुणं वाळत घातलं आणि निळा दोरा आणायला निघाल्या.