शेठ गार होईपर्यंत

माझे आतोबा आजवर कुणालाही पूर्ण कळलेले नाहीत. चाळीस वर्षं संसार करून आत्यालाही नाहीत. डहाणूतल्या एका छोट्या दवाखान्यात ते एक्स-रे काढायचे आणि फिल्म छापणाऱ्या लेझर प्रिंटरला 'शेठ' म्हणायचे. शेठच्या पोटात लेझर आणि तापलेला रूळ, म्हणून ओल्या हातांना त्या खोलीत मज्जाव. डॉक्टरसुद्धा आधी तळवे दाखवत. हवेच्या जाळीपुढे कुणी पिशवी ठेवली की हे कळवळून म्हणायचे, "अरे भाय, त्याचा श्वास कोंडतोय!" घरी मिक्सर अडला तरी प्लग काढून दहा मिनिटं स्वस्थ बसायचे. तोवर पाहुण्यांची इडली चटणीवाचून संपलेली असायची. ही भीती की भक्ती, मला उमगायचं नाही.

एकदा माझे बाबा कोसबाडच्या वाडीत चिकू काढताना शिडीवरून पडले. आतोबांनी त्यांच्या पायाचा एक्स-रे काढला. फिल्म घेऊन लगेच वापीच्या मोठ्या इस्पितळात निघायचं होतं, गाडी दारात उभी होती, आणि नेमकी फिल्म शेठच्या पोटात अडकली. मी झाकणाला हात घातला.

"हात मागे!"

आतोबांचा एवढा मोठा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. त्यांनी बटण बंद केलं, प्लग काढला आणि चक्क खुर्ची ओढली.

"आतोबा, बाबा तिकडे कण्हतायत!"

"फोटो कम्प्युटरात आहे, पोरी. फिल्म पुन्हा छापता येते. बोटं येत नाहीत. रूळ निवू दे."

मग ते खुर्ची घेऊन बाबांपाशी गेले, पायाखाली उशी सरकवली आणि बाबांच्याच लग्नातल्या फजितीच्या गोष्टी सांगू लागले. बाबा कण्हता कण्हता हसत होते. चिडावं की रडावं, मला कळेना. रूळ निवल्यावर त्यांनी झाकण उघडलं, फिल्म हलकेच सोडवली आणि नवी छापून दिली. वापीला शस्त्रक्रिया झाली. बाबा आज थोडे लंगडतात, पण वाडीत जातात.

गेल्या महिन्यात निवृत्त आतोबांच्याच छातीचा एक्स-रे काढला. तो थेट माझ्या मोबाइलवर आला. "फिल्म नाही?" त्यांनी दोनदा विचारलं. मग मोबाइल कडेला दोन बोटांनी धरून खिडकीच्या उजेडासमोर उंच केला आणि डोळे बारीक करून कितीतरी वेळ पाहत राहिले. काच आतूनच उजळते, हे त्यांना सांगावं की नाही, मला ठरवता आलं नाही. मी फक्त पडदा बाजूला केला.