रझियाबाईंचा नाटकाचा तास

रझियाबाई शनिवार पेठेतल्या एका मुलींच्या शाळेत मराठी शिकवायच्या आणि आठवी-नववीला आठवड्यातून एकदा नाटकाचा तास घ्यायच्या. वडिलांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान त्याच पेठेत, त्यामुळे ळ आणि ण जिभेवर लहानपणीच बसलेले. एखादा पालक कौतुकानं म्हणाला, "अहो, तुमचं मराठी फारच छान आहे हो," की बाई म्हणायच्या, "तुमचंही बरं आहे."

नाटकाच्या तासाला मुली फळ्यापुढे उभ्या राहून बोलायच्या आणि बाई शेवटच्या बाकावर जाऊन बसायच्या. "मागे बसलेल्या म्हाताऱ्यानंही तिकीट काढलेलं असतं. ओरडू नका. पोटातून बोला."

ऐंशी साल असेल. त्या वर्षी एकाही मुलीचं बोलणं मागपर्यंत येईना. शब्दांचा नुसता गोंधळ यायचा, कडा झिजल्यासारखा. बाई रागावल्या. श्यामला नावाची मुलगी घसा ताणताणून लालबुंद झाली, तरी बाई आपल्या "मोठ्यानं, अजून मोठ्यानं" करत राहिल्या. शेवटी मैना उठली. कर्वेनगरच्या बाजूला तिच्या वडिलांची, सर्जेरावांची, शेती होती. शाळेत सायकलवर यायची, आणि मनात येईल ते बोलून टाकायची.

"बाई, ती वरडतीया की. पार रस्त्यापत्तुर ऐकू जातंय. अजून किती वरडायचं?"

मुली हसल्या. बाईंनी हसणारी तोंडं पाहिली, आणि आपल्याला हसूही नीट ऐकू आलं नाही हे त्यांच्या ध्यानात आलं.

डॉक्टर म्हणाले, कानाची नस सुकत चालली आहे, तिला औषध नाही आणि ऑपरेशनही नाही. बाईंचे यजमान, युसूफभाई, स्वारगेटच्या एसटी डेपोत मेकॅनिक होते. ते म्हणाले, "मशीन लाव कानाला. त्यात काय आहे?"

"बहिरी बाई नाटक शिकवते, हे उद्या संध्याकाळपर्यंत सगळ्या पेठेत होईल."

"होऊ दे."

"आणि तास काढून घेतला तर? माझ्याकडे उरतं काय?"

मूलबाळ नव्हतं. घरात बोलणं सुरू झालं की ते नाटकावर जाऊन संपायचं.

मग सुरू झालं लपवणं. बाई पुढच्या बाकावर बसू लागल्या. ओठांवरून शब्द उचलायला शिकल्या. मुलीनं मान वळवली की "प्रेक्षकांकडे तोंड!" म्हणून ओरडायच्या. मुलींना वाटे, बाई रंगमंचाची शिस्त लावतायत. रोज शाळेतून घरी येईपर्यंत त्यांचं डोकं ठणकायला लागायचं.

दरवर्षी मुलींना एखादं नाटक दाखवायला न्यायचं आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येकीनं परीक्षण वाचून दाखवायचं, असा बाईंचा शिरस्ता होता. त्या वर्षी त्या पहिल्या रांगेत बसल्या. नट समोर होते तोवर निभावलं. त्यांनी पाठ फिरवली की नाटक बंद. थिएटर हसलं की बाईही हसत, पण जरा उशिरा. शेजारी बसलेल्या मैनानं एकदा वळून पाहिलं, तेव्हा बाईंना दरदरून घाम फुटला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी एकेकीला अगदी समोर उभं केलं. "'नाटक छान होतं' असं लिहिलेलं मला नको. दुसऱ्या अंकात आई काय म्हणाली? नेमके शब्द सांग. कसे म्हणाली?" हे परीक्षण मुलींचं होतं, पण काल आपल्या हातून सुटलेलं नाटक बाई त्यातून तुकड्या-तुकड्यानं गोळा करत होत्या. मैनाची पाळी आली.

"आई 'जा' म्हणाली, बाई. पण म्हणायच्या आधी लई येळ गप ऱ्हायली. मला वाटलं, ती आता न्हाई म्हणती. मंग म्हणाली. ते गप ऱ्हानं मला 'जा'पेक्षा जास्त लागलं."

असं म्हणून तिनं ते करूनच दाखवलं. बाईंच्या अंगावर काटा आला. आंतरशालेय स्पर्धेच्या एकांकिकेत आईचं काम कुणाला द्यायचं, ते तिथंच ठरलं.

एकांकिका होती धरणात जाणाऱ्या गावाची. घर सोडायच्या आधी आई शेवटचं बोलते, मध्ये थांबते, पुन्हा बोलते. बाईंनी मैनाकडून ते थांबणं घटवून घेतलं. "घाई नको. लोकांना वाट पाहू दे." पोरीनं नाटकात काम करायला सर्जेराव पहिल्यांदा नको म्हणाले होते, मग स्वतःच बैलगाडीचं जुनं जू रंगमंचावर मांडायला घेऊन आले.

स्पर्धेच्या दिवशी पडद्यामागून वाक्यं पुरवायला बाई स्वतः विंगेत उभ्या राहिल्या. ते काम श्यामलाला द्यावं, असं आदल्या दिवशी मनात येऊन गेलं होतं. पण का दिलं, असं कुणी विचारलं असतं तर?

मैना आईच्या शेवटच्या बोलण्याला आली आणि थांबली. बाईंना तिची पाठ तेवढी दिसत होती. काय थांबली पोरगी! तालमीत कधी इतकी थांबली नव्हती. बाईंचा ऊर भरून आला. संहिता छातीशी धरून त्या बघत राहिल्या. खाली कुजबूज सुरू झाली, मग हसू, मग कुणीतरी शीळ घातली. बाईंना यातलं काही ऐकू आलं नाही. मैना हळूच "बाई, बाई" म्हणत होती, तेही नाही. शेवटी ती विंगेकडे वळली, तेव्हा तो पांढराफटक चेहरा दिसला आणि ओठ वाचता आले. बाई पान शोधू लागल्या. तोवर कुणीतरी पडदा ओढला.

दुसऱ्या दिवशी बाई मुख्याध्यापिका प्रेमलाबाईंच्या पुढ्यात जाऊन उभ्या राहिल्या आणि सगळं सांगून मोकळ्या झाल्या. प्रेमलाबाईंनी चष्मा काढला. "आम्हाला दिसत होतं. आपण सांगाल म्हणून थांबलो होतो. जरा जास्तच थांबलो." नाटकाचा तास दुसऱ्या शिक्षिकेकडे गेला, बाईंना ग्रंथालय मिळालं.

मैना नंतर आठवडाभर शाळेत फिरकली नाही. बाई कर्वेनगरला तिच्या घरी गेल्या. मैना गोठ्याच्या दाराशी उभी होती.

"तुझी चूक नव्हती, मैना. मला ऐकू येत नाही. तू हाक मारलीस, ती मला ऐकूच आली नाही."

मैना नीट समोर तोंड करून, एकेक शब्द तोडून म्हणाली, "मंग दुसऱ्या कुनाला तरी उभं करायचं व्हतं."

सर्जेरावांनी चहा विचारला, पण बाई तो न घेताच निघाल्या. मैना परत शाळेत आली, मॅट्रिक झाली, पण पुन्हा कधी रंगमंचावर चढली नाही. ग्रंथालयाच्या दारावरून जाताना मान खाली घालून जायची.

बाईंनी पुढे मशीन घेतलं. डबी पदराआड, वायर कानात. त्यानं शब्द स्पष्ट होत नसत, गोंगाट तेवढा वाढे. नाटकं त्यांनी सोडली. वर्तमानपत्रातली नाटकांची पानं युसूफभाई आधीच काढून ठेवत. बाईंना ते कळायचं, पण त्यांनी कधी विचारलं नाही.

सात-आठ वर्षांनी एकदा बाई युसूफभाईंना डेपोत डबा द्यायला गेल्या असताना, स्वारगेटच्या फलाटावर कुणीतरी त्यांचा हात धरला. मैना होती. अंगानं भरलेली, कडेवर मूल. ती भराभरा बोलू लागली. गाड्यांची घरघर, कंडक्टरांच्या हाका, सगळं एकदम मशीनमध्ये शिरलं. मुलानं आईच्या तोंडावर हात ठेवला, त्यानं ओठही झाकले गेले. मैना काहीतरी विचारत होती, एवढं तिच्या डोळ्यांवरून कळलं. पुन्हा सांग म्हणायची बाईंना लाज वाटली. तिच्यापुढे तर फारच.

बाईंनी मान हलवली. हो.

मैना पदरानं डोळे पुसून गाडीत चढली. गाडी हलली, वळली, दिसेनाशी झाली.

संध्याकाळी बाईंनी युसूफभाईंना हे सांगितलं. "मी कशाला हो म्हटलं, कुणास ठाऊक," त्या म्हणाल्या. युसूफभाईंनी काहीतरी उत्तर दिलं, पण ते चूल पेटवायला वाकलेले होते, त्यांचं तोंड दिसत नव्हतं.