कासवे – सात (दिसणारी)

"बसा बाबा," म्हटलं की ते दाराच्या चौकटीला एक हात लावायचे आणि म्हणायचे, "बसत नाय भाऊसाहेब. बसलं की उठवत्यात."

आमच्या भूसंपादनाच्या कचेरीत भिंतीला लागून एक लांबलचक बाकडं होतं. गंगापूरकडून, वैजापूरकडून आलेली माणसं त्यावर सकाळपासून बसून असायची. काहींना तिथंच डुलकी लागायची. तुम्ही सरकारी कचेरीत कधी खेटे घातले असतील तर ते बाकडं तुमच्याही पाठीला ठाऊक असेल. हे मात्र उभे. चपला पायात, एक पाय आत आणि एक व्हरांड्यात. चहा दिला तर उभ्यानेच घोट घोट प्यायचे, नजर बाहेर रस्त्यावर. त्यांच्याकडे बघून मला माझीच खुर्ची टोचायला लागायची.

त्यांचं नाव इथं लिहीत नाही. सातबाऱ्यावर होतं, तेवढं पुरे. मी बाबा म्हणायचो, तुम्हीही तेच म्हणा.

पहिली भेट मोजणीच्या दिवशी झाली. शहराच्या पश्चिमेला तेव्हा कारखान्यांसाठी जमिनी घ्यायचं काम जोरात होतं. आज या रानात लाल झेंडी, उद्या त्या रानात खुंट. मी नोकरीत अगदी नवा, पण तोरा मुरलेल्या कारकुनाचा. आमचा मोजणीदार साखळी ओढत पुढं निघाला आणि बाबा त्याला आडवे आले.

"पाय बघून टाका."

"का? साप आहे?"

"साप नाय. कासवं हायेत. चिखलात बसत्यात, दिसत नायत."

जमीन म्हणजे दोन एकरांची एक पट्टी. एका अंगाला रस्ता, दुसऱ्या अंगाला नाला. त्यांच्या आज्याला गावकीच्या कामाबद्दल मिळालेली. नाल्यात एक डोह होता आणि डोहाकाठच्या ओलीत बाबांनी कधी नांगरच घातला नव्हता. निम्मं रान कासवांसाठी पडीक ठेवतो म्हणून गाव त्यांना वेड्यात काढायचं. त्यांनी वाकून दोन्ही हातांनी चिखलातून एक कासव वर काढलं. हिरवट, बशीपेक्षा मोठं, ताटापेक्षा लहान. आमची चाहूल लागताच त्यानं मान आत ओढली, पाय ओढले आणि पोटाखालच्या झडपा मिटून घेतल्या.

"दारं लावून घेतली बगा," बाबा म्हणाले. "लई भित्रं. पर जागा सोडत नाय."

मग पंचनामा. मी बाभळीखाली कागद उघडला. झोपडी एक. लिंब एक. बाभळी चार. शेळ्या दोन.

"आणखी काही?"

"कासवं."

मोजणीदार फिसकन हसला. मलाही हसू आवरेना.

"किती?"

"दिसायलीत ती सात. खालची मोजली नायत."

मी ऐटीत लिहिलं, 'कासवे – सात (दिसणारी)'. गंमत म्हणून. म्हटलं, कचेरीत सांगायला एक किस्सा झाला. बाबांनी मोजणीदाराच्या पाठीवर कागद ठेवून उभ्याउभ्याच सही केली. सहीपुरतंच त्यांना लिहिता यायचं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "कासवं लिव्हली का? वाचून दावा." मी वाचून दाखवलं. त्यांनी पुन्हा एकदा वाचायला लावलं.

पंचनाम्याच्या प्रती टाइप होऊन रिवाजाप्रमाणे खात्याखात्यांना गेल्या. त्यातली एक वनखात्याकडे गेली. चार महिन्यांनी तिथून पत्र आलं. सदर कासवे कायद्याने संरक्षित असून ती बाळगणे हा गुन्हा आहे, तरी जमीनमालकाने ती कोणाच्या परवानगीने बाळगली याचा खुलासा व्हावा.

आमचे हेडक्लार्क गुलमंडीमागच्या गल्लीत राहायचे. निजामाच्या अमदानीत उर्दू शाळेत शिकलेले, रागावले तरी अदब न सोडणारे. पत्र वाचून त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मियाँ, ये क्या लिख दिये तुम? पंचनामे में कछुए?"

"ते होते तिथं."

"मच्छर भी होंगे वहाँ. उनको कायको छोड़ दिये?"

सगळी कचेरी हसली. माझी नोकरी अजून कायम झाली नव्हती, ती भीती होतीच. पण खरं सांगतो, माझ्या थट्टेपायी एक म्हातारा तुरुंगात जाणार, या विचारानं मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

वनखात्याचे वनपाल आले. बाबांना बोलावणं गेलं. ते येऊन चौकटीत उभे राहिले.

"कासवं तुम्ही पाळलीत?" वनपालांनी विचारलं.

"पाळली नायत सायेब. मपल्या आज्याच्या आधीपून ती तितंच हायेत. त्यांनीच आमाला राहू दिलंय म्हणा."

वनपाल भला माणूस निघाला. जागेवर गेला, अख्खी दुपार डोहाकाठी बसला आणि लिहून गेला की ही कासवं रानटी आहेत, डोह हे त्यांचं मूळ ठिकाण आहे, वरिष्ठांचा हुकूम येईपर्यंत त्या जमिनीला कुणी हात लावू नये. झालं. आमचं पत्र नागपूरला, नागपूरचं मुंबईला, मुंबईहून शंका, शंकेला आमचं उत्तर. आजूबाजूच्या रानांत पत्र्याची शेडं उठली, तारेची कुंपणं आली, पाळ्यांचे भोंगे वाजायला लागले. मधली पट्टी तशीच राहिली. कचेरीत तिला सगळे 'कछुए की फाईल' म्हणायचे.

बाबा दर थंडीत माझ्यासाठी हरभऱ्याचे ढाळे आणायचे. "भाऊसाहेबांनी लिव्हलं म्हून वाचलो," असं साऱ्या कचेरीला ऐकवायचे. मी आधी अंग चोरलं, मग हळूहळू फुगलो. घरी बायकोलासुद्धा सांगितलं की मी पुढचा विचार करूनच ते लिहिलं होतं. ती बिचारी चार बायकांना सांगत सुटली. पुढं पुढं मात्र ते ढाळे घशाखाली उतरेनात. तरी मी खरं बोललो नाही.

उलट काम नसताना त्यांच्याकडे जायला लागलो. ते कधी एका जागी सापडायचे नाहीत. डोहापासून रस्त्यापर्यंत, रस्त्यापासून डोहापर्यंत दिवसभर चकरा. भाकरी हातावर, कांदा मुठीत, खाणंसुद्धा चालता चालता. रस्त्यावर चार माणसं एकदम दिसली की थबकायचे, ती पुढं जाईपर्यंत बघत राहायचे. मलाही त्यांच्यामागं चालतच बोलावं लागायचं. एकदा न राहवून मी विचारलं, "बाबा, तुम्ही बसत का नाही?"

चालता चालताच ते म्हणाले, "नामांतराचा ठराव झाला त्या पावसाळ्यात आमी जेवायला बसलोतो. दिवेलागण झालती. ताटावरून उठवलं."

पुढचं तुम्हाला सांगायला नको. विद्यापीठाच्या एका नावापायी त्या पावसाळ्यात मराठवाड्यात किती वस्त्या जळाल्या, ते आपण सगळ्यांनी ऐकलंय, काहींनी पाहिलंय. बाबांची झोपडी त्यातलीच. घरच्यांना घेऊन ते उसातून पळाले ते शहरात आले. पोरं शहरातच राहिली, कारखान्यांत लागली. बाबा आठ दिवसांनी एकटेच परत आले.

"झोपडीची राख झालती," ते म्हणाले. "वल्या राखंत कासवाचा माग व्हता. डोहातून निघून, राखंतून, तसंच पल्याड गेलतं." ते थांबले. "ती नाय पळाली भाऊसाहेब. मी पळालो."

"पळणारच ना बाबा. लेकरं होती बरोबर."

"व्हय," म्हणाले आणि पुन्हा चालायला लागले.

पोरं दर रविवारी येऊन त्यांना शहरात चला म्हणायची. बाबांचं उत्तर ठरलेलं, "येईन की. मला पाय हायेत. ह्यांचं काय?" जमीन जाईल हे ते धरूनच चालले होते. कासवांना कुणी त्यांच्या जागेवरून उठवू नये, एवढा एकच घोर त्यांना लागलेला होता.

विद्यापीठाच्या दारावर नवी पाटी लागली त्या थंडीत फाईल मंजुरी घेऊन परत आली. कासवे वनखात्याने पकडून पैठणच्या धरणात सोडावीत व जमीन ताब्यात घ्यावी. नोटीस द्यायला एरवी शिपाई जातो. मी स्वतः गेलो.

बाबा नुकतेच पाटी बघून आले होते. "लई गर्दी. उभ्यानंच बघितली," म्हणाले. "येका नावापायी किती माणसं गेली." मग मी नोटीस वाचली. या वेळी त्यांनी ती पुन्हा वाचायला लावली नाही. ते नुसते डोहाकडे बघत राहिले आणि मला ते सहन होईना.

"बाबा," मी म्हणालो, "ते कासवांचं मी थट्टेनं लिहिलं होतं. तुम्हाला वाचवायला म्हणून नव्हतं लिहिलं."

"ठावं हाय की. तुमी हसायलते. मी म्होरंच उभा व्हतो."

"मग इतकी वर्षं ढाळे कशाला आणलेत?"

"हसत का व्हईना, लिव्हलं ना! दंगलीमागून बी पंचनामा झालता. 'झोपडी एक' लिव्हलं अन गेले. आत काय व्हतं, कोण व्हतं, कुणी इचारलं नाय. तुमी इचारलं, आनखी काय हाय म्हून."

तो प्रश्न मी प्रत्येक पंचनाम्यात विचारायचो, छापील कागदावरच होता. ते त्यांना सांगायची माझी हिंमत झाली नाही. मला रडू आलं आणि ते लपवायचंही सुचलं नाही.

उन्हाळ्यात वनखात्याची माणसं आली. ताबा घ्यायचा म्हणून फाईल घेऊन मीही होतो. डोह आटला होता आणि कासवं चिखलाखाली गेली होती. त्या माणसांनी जिथं तिथं पहारी खुपसायला सुरुवात केली, तसे बाबा धावले.

"थांबा! मी देतो काढून."

धोतर खोचून ते चिखलात उतरले. हात घालतील तिथं कासव. एकेकाच्या पाठीवरचा चिखल तळहातानं पुसायचे, काहीतरी पुटपुटायचे आणि ओल्या पोत्यात ठेवायचे. पाच. सहा. सात.

सातवं दिल्यावर ते काठावर आले. कडेच्या चपला उचलल्या, लिंबाखाली नीट जोडीनं ठेवल्या आणि तिथल्या ओलसर मातीवर मांडी घालून बसले.

त्यांना बसलेलं मी पहिल्यांदाच बघत होतो. वाटलं, माणूस संपला.

एक जण पहार घेऊन त्यांच्यापाशी गेला. "बाबा, उठा. तिथं बघायचंय."

बाबा हलले नाहीत. त्यांनी फक्त माझ्याकडे बघितलं. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. खालची मोजली नायत! उरलेली तिथं होती, त्यांच्या मांडीखाली.

मी फाईल उघडली, जुना पंचनामा काढला आणि त्या माणसापुढं धरला. "कागदावर सात आहेत. सात मिळाली. पोच लिहून द्या."

"पण साहेब, अजून असतील की."

"दिसणारी सात," मी म्हणालो. "अक्षर माझंच आहे."

या वेळी मला हसू आलं नाही. त्यानं पोच लिहिली, पोती गाडीत चढली, गाडी गेली.

बाबा पुढं पोरांकडे राहायला गेले आणि दोन पावसाळ्यांनी तिथंच वारले. मला कळलं तेव्हा दिवसही होऊन गेले होते. पट्टीवर आता गोदाम आहे. नाला मात्र पावसाच्या पाण्यासाठी तसाच ठेवावा लागला. पण बाबा आठवले की मला ती उन्हाळ्यातली दुपारच दिसते. गाडीची धूळ खाली बसलेली, भोंगा वाजून गेलेला आणि काठावर आम्ही दोघंच.

"पाऊस झाला की निघतील," ते म्हणाले. "नाल्यानं, जिकडं जायचं तिकडं. आपल्या पायानं."

मी उभाच होतो. त्यांनी शेजारच्या मातीवर अलगद हात फिरवला, कुठं काय आहे ते चाचपून पाहिलं आणि थोडे सरकले.

"बसा भाऊसाहेब," म्हणाले. "पर बघून बसा."