अण्णाच्या गाडीतली खरखर

रेडिओवर मी सकाळी दहा मिनिटं शेतीची माहिती वाचते, कानडीतून. घरात मराठी बोलणाऱ्या बाईचं कानडी ऐकून कोणी नाक मुरडू नये म्हणून उच्चारांवर जीव टाकते. पण खरं सांगायचं तर मी वाचत होते एकाच माणसासाठी. माझा थोरला भाऊ, अण्णा, त्याच वेळी गाडीने कृष्णराजनगरला कामावर जायचा.

मी गोकुलमला राहते, तो आमच्या जुन्या घरी. संध्याकाळी फोन करून विचारायची, "आज कसं झालं?"

"छान वाचलीस गं. त्या मोठ्या विजेच्या तारा आहेत की, तिथं स्वल्प खरखर. दोन-चार शब्द गेले."

झालं! मी आमच्या रेडिओ केंद्रातल्या इंजिनिअरचं डोकं खायला लागले. ते म्हणाले, तारांखाली खरखर व्हायचीच, चढाआड आवाज पडायचाच. गाडीत मोबाइलचा चार्जर लावलेला असेल तर तो आधी काढायला सांगा. मी सांगितलं. "काढलो, तरी तसंच," अण्णा म्हणाला. मग माझ्या हातात होतं ते मी केलं. सावकाश वाचू लागले, एकेक शब्द सुटा, महत्त्वाचा असला तर दोनदा. साहेबांनी टोकलं, "पहिलीच्या वर्गाला शिकवताय का?" मी ऐकून घेतलं. मजकूर कापला, पण वेग वाढवला नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे आयुधपूजेत गाडीही पुजतात. यंदा जुन्या घरी जाऊन मी अण्णाच्या गाडीला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली आणि केळीचा खुंट बांधायला एरियल शोधलं. बॉनेटशेजारी नुसता गंजलेला बुडखा होता.

"वहिनी, एरियल कुठं गेलं?"

"ते गेल्या आयुधपूजेलाच मोडलं की! तूच त्याला केळ बांधलीस, अल्वा? हो ना? तुला सांगू नको म्हणाले हे. सुम्ने, उगीच वाईट वाटेल म्हणून."

एरियलला केळ बांधणारी दीडशहाणी मीच, हे कबूल. पण त्याला वर्ष झालं होतं! किल्ली घेतली आणि माळेसकट गाडी काढली. घरासमोर रेडिओ जेमतेम लागला. रिंग रोड ओलांडला आणि नुसतं सूं सुरू झालं. तारा अजून बऱ्याच पुढे होत्या.

परत आले तेव्हा अण्णा दारातच उभा होता.

"वर्षभर गाडीत काय ऐकत होतास?"

"काय नाही. गप जायचो." मग हसला. "तुझा आवाज पाठ आहे गं मला."

ते हसणं मला सोसलं नाही. एरियल मोडल्याचं लपवलं, तेवढं मी माफ केलं असतं. पण ती खरखर? ते गेलेले दोन-चार शब्द? ते त्याने रोज फोनवर बसून रचले आणि मी त्यांच्यापायी बोलणी खाल्ली. सख्ख्या भावाने माझा विश्वासघात केला, दुसरा शब्द मला सापडत नाही.

दसऱ्याच्या सकाळी मी पूर्वीसारखं झरझर वाचलं. कापलेला मजकूर सात मिनिटांत संपला. उरलेली तीन मिनिटं सनई लावावी लागली.