भाड्यात पाचशे कमी

वल्लरीला पनवेलच्या एका चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची नोकरी लागली, तेव्हा वाईतल्या सगळ्या नातेवाइकांचं एकच म्हणणं होतं, की पनवेल म्हणजे काही मुंबई नाही, बावीस हजारांत आरामात भागेल. तिलाही तसंच वाटलं होतं. मग ती एजंटाबरोबर खोल्या बघत फिरली आणि तिसऱ्या खोलीनंतर तिचा धीर सुटला. नवीन पनवेलला स्टेशनजवळ खोली-स्वयंपाकघर अकरा हजार, डिपॉझिट पन्नास, शिवाय एजंटाला एका महिन्याचं भाडं. जुन्या गावठाणात आठ हजारांत एक मिळत होती, पण तिथे पाणी सकाळी अर्धा तास आणि एकुलती एक खिडकी दुसऱ्याच्या जिन्यात उघडायची. तोवर ती मोनाली नावाच्या मैत्रिणीकडे गादी टाकून झोपत होती. पंधरा दिवस म्हणून गेलेली, आज एकविसावा दिवस होता, आणि मोनालीच्या सासूबाई पुढच्या आठवड्यात शनिवारी यायच्या होत्या.

त्या दिवशी दुकानात तिच्यासमोरच्या खुर्चीत भामाबाई येऊन बसल्या. पन्नाशी उलटलेल्या, काटक, बोटांना ताज्या भाजीचा हिरवट डाग. वल्लरी भिंगं बदलत होती आणि त्या भिंतीवरची अक्षरं वाचता वाचता तिचीच चौकशी करत होत्या.

"इथं कुठं रातेस?"

"मैत्रिणीकडे. खोली शोधतेय."

"मिलाली?"

"दिसतात खूप, परवडत नाहीत. खालची ओळ वाचा, मावशी."

भामाबाईंनी खालची ओळ वाचली, दोन अक्षरं चुकल्या, आणि त्याच सुरात म्हणाल्या, "माझी वरची खोली मोकळी हाय. बघून जा."

रविवारी वल्लरी स्कूटरवरून पळस्प्याच्या पुढे, महामार्गापासून थोडं आत असलेल्या त्यांच्या गावात गेली. पोपटी रंगाचं दुमजली घर. वरची खोली मोठी, ओटा, स्वतंत्र न्हाणीघर, समोर गच्ची. भाड्याचं बोलायला भामाबाईंचा मुलगा परेश पुढे आला. त्याचा खडी-रेती पुरवायचा धंदा होता, बोलणं सरळ होतं. भाडं सहा हजार, डिपॉझिट वीस, लाइटबिल मीटरप्रमाणे. वल्लरीने मनात आकडे मांडले. सहा भाडं, दीड हजार पेट्रोल, गॅस, जेवण, घरी पाठवायचे चार हजार. जेमतेम जमत होतं, पण चप्पल तुटली तर नवी घेताना विचार करावा लागेल असं जमत होतं. "दोन दिवसांत कळवते, दादा," ती म्हणाली.

ती स्कूटर वळवत असताना भामाबाई मागून आल्या. घराकडे एकदा बघून हळूच म्हणाल्या, "साडेपाच दे. पन मना ही गाडी शिकव."

वल्लरीला आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. भामाबाई मात्र पूर्ण तयारीनिशी आल्या होत्या. नवरा गेल्यावर त्यांच्याकडे घरामागचा सात-आठ गुंठ्यांचा तुकडा उरला होता. त्यात त्या भेंडी, माठ, शिराळी लावायच्या आणि पनवेलच्या बाजारात नेऊन विकायच्या. परेशची गाडी सकाळीच साइटवर जायची. मग रिक्षा. "पाचशाची भाजी, त्यातले दीडशे रिक्षावाल्याचे. परेसला म्हनलं मना शिकव, तर म्हनतो, आय, तुला काय कमी हाय, घरी बस. घरी बसून मी काय करू?"

वल्लरी शुक्रवारी राहायला आली.

शिकवणी सकाळी सहाला सुरू व्हायची. जवळच एका बिल्डरने प्लॉट पाडले होते. इमारती अजून उठल्या नव्हत्या, नुसतेच सिमेंटचे रुंद रस्ते होते. पहिल्याच दिवशी भामाबाई तिथे उभ्या राहून म्हणाल्या, "इथं आमचं भाताचं शेत होतं. या कोपऱ्यावर खळं." आणि मग लुगड्याचा काष्टा घट्ट करून गाडीवर बसल्या. दोन्ही पाय जमिनीला घासत, कोंबडी चालावी तशी ती गाडी त्यांनी खळ्यापर्यंत नेली. चौथ्या दिवशी पाय वर आले. आठव्या दिवशी ब्रेकऐवजी रेस पिळली गेली आणि गाडी समोरच्या करवंदीच्या जाळीत शिरली. वल्लरी धावत पोचली तेव्हा भामाबाई जाळीत बसून पोट धरून हसत होत्या. आरसा तुटला होता. साडेतीनशे रुपये त्यांनी त्याच संध्याकाळी वर आणून दिले आणि वल्लरी नको म्हणाली तरी ऐकलं नाही.

सूनबाई भाविकाला सगळं ठाऊक होतं. काट्यांनी लुगडं फाटलं त्याच्या दुसऱ्या दिवशी तिने सासूला आपला पंजाबी ड्रेस काढून दिला आणि परेशला सांगितलं, की डॉक्टरांनी आयला सकाळी चालायला सांगितलंय.

वल्लरीचीही एक शिकवणी चालू होती. मॉलमधली बांधलेली कोथिंबीर घेऊन आल्याबद्दल तिला पहिल्याच आठवड्यात बोलणी बसली. बाजार उठायच्या वेळी गेलं की टोमॅटो निम्म्या भावात मिळतात, गव्हाचं दळण गावच्या चक्कीवर करावं, पाण्याचा जार विकत घेण्यापेक्षा खालच्या फिल्टरचं पाणी न्यावं, हे सगळं भामाबाई तिला चढत्या आवाजात शिकवत. भेंडी आणि माठ तर दारातच ठेवलेला असायचा. महिना संपला तेव्हा घरी पैसे पाठवूनही वल्लरीकडे तीन हजार शंभर रुपये उरले होते. स्वतःच्या कमाईतलं महिन्याच्या शेवटी हातात काही उरण्याची ही पहिलीच वेळ. तिने एक चांगली गादी घेतली आणि त्या रात्री मोबाइलचा गजर होईपर्यंत कूसही बदलली नाही.

परेशला कळलं ते एका मंगळवारी. साइटवर लवकर जाताना त्याने प्लॉटच्या रस्त्याने गाडी घातली, आणि समोरून पंजाबी ड्रेस घालून, हेल्मेटखाली डोळे बारीक करून त्याची आय येत होती. त्याने गाडी थांबवली. भामाबाईंनीही थांबवली, अगदी व्यवस्थित, उजव्या हाताचा ब्रेक दाबून.

"ही काय थेरं, आय?"

"शिकतंय मी."

"पडली असतीस तर?"

"पडले ना. जाळीत. काय झालं नाय."

परेशने रस्त्याच्या कडेला उभ्या वल्लरीकडे रागाने बघितलं. तिला वाटलं, आता खोली जाते. पण भामाबाई पुढे म्हणाल्या, "तुझा बाप गेल्यापासून मी कुठं जायचं ते तू नायतर रिक्षावाला ठरवतंय." परेश म्हणाला, "आधी लायसन काढ. त्याशिवाय रस्त्यावर यायचं नाय." आणि काच वर करता करता, "वळताना खांदा सैल सोड. घट्ट धरतेस."

पुढच्या सगळ्या धावपळीत तोच पुढे होता. शिकाऊ लायसनच्या परीक्षेत खुणा ओळखायच्या होत्या. चौथी शिकलेल्या भामाबाईंनी नव्या चष्म्यातून एकेक खूण बघितली आणि सगळ्या बरोबर सांगितल्या. "जन्म महामार्गाच्या काठाला गेला, ह्या पाट्या रोज बघतंय," एवढंच म्हणाल्या. पक्क्या लायसनच्या वेळी आठाच्या आकड्यात गाडी फिरवताना पाय टेकला म्हणून एकदा परत यावं लागलं. दुसऱ्यांदा टेकला नाही. परेश बाहेर उभा होता, आणि त्याने ती बातमी फोनवर इतक्या जणांना सांगितली, की त्या घरी पोचायच्या आधीच आळीतल्या बायका दारात जमल्या होत्या.

भाजीच्या साठवलेल्या पैशांतून भामाबाईंनी अठ्ठावीस हजारांची जुनी, निळी स्कूटर घेतली. पायाशी भाजीची गोणी मावते की नाही, हे दुकानदाराकडे प्रत्यक्ष ठेवून बघितलं आणि मगच सौदा केला.

पावसाळा संपल्यावरच्या एका रविवारी त्या सकाळीच गच्चीखाली हॉर्न वाजवत उभ्या राहिल्या. कर्नाळ्याचं अभयारण्य घरापासून अर्ध्या तासावर, आणि त्या आजवर आत गेल्या नव्हत्या. येता-जाता बसमधून किल्ल्याचा सुळका तेवढा दिसायचा. "कोन नेनार होतं?" त्या म्हणाल्या. वल्लरी मागे बसली. भामाबाई डाव्या कडेने, बेताच्या वेगाने चालल्या होत्या. मागून येणाऱ्या ट्रकना त्या हाताने पुढे जायची परवानगी देत होत्या.

अभयारण्यात त्यांनी दोघींची तिकिटं काढली, झाडीत तासभर हिंडल्या, दोन पक्ष्यांची गावातली नावं सांगितली आणि तिसऱ्याचं नाव वल्लरीला विचारलं. तिलाही येत नव्हतं. मग फाटकाबाहेर टपरीवर चहा घेताना भामाबाईंनी चष्मा पदराने पुसला आणि रस्त्यावरची पाटी वाचायला लागल्या. पेण किती, अलिबाग किती.

"पेनला माझी बहीन हाय, कुमुद," त्या म्हणाल्या. "दोन वर्सं भेट नाय. पेट्रोल किती लागंल?"

वल्लरीने सांगितलं. भामाबाईंनी चहाचा कप ठेवला आणि हेल्मेट उचललं.